चावीच्या खाचेची मोहीम

श्रीविश्वकर्मा साह्य असो. लिहिणाराचे हात तेलकट आहेत, वाचणारानें कागद जपोन धरावा. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध द्वादशी, ते दिवशीं राजश्री दिगंबरराव दळवी यांणी घरच्या लेथावर मिलिंग, म्हणजे फिरत्या दातेरी कटरानें लोखंड सोलणें, केलें, त्याची हकीकत ऐसी जे, राव तीस वर्षें कारखान्यांत टर्नर, म्हणजे लेथावर लोखंड गोल कातणारे, होते, आणि निवृत्त होतांच एक जुना लेथ आणोन मागल्या पडवींत त्याची स्थापना केली, आणि तेवढा पांच हात मुलूख आपला म्हणोन जाहीर केला. कुटुंब सुमतीबाई यांणी धुणें वाळविण्याची जागा गेली म्हणोन बहुत कलह केला, परंतु राव हटले नाहींत. ऐसें असतां थोरली बहीण अंबूताई रिक्षांत गिरणीचा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, घालोन दाखल जाहली. ताईची पिठाची गिरणी. यजमान वारल्यावर अकरा वर्षें एकटीनें चालविली. शाफ्टावरचें पट्ट्याचें चाक, म्हणजे पुली, घसरूं नये म्हणोन खाच पाडून तींत लोखंडाची चावी ठोकितात. ती खाच झिजोन वांकडी जाहली, पुली मोकळी फिरों लागली, आणि गिरणी पांच दिवस बंद. दिवाळीच्या भाजणीचे डबे रांगेंत, आणि नाक्यावर दुसरी गिरणी नवी उघडलेली. शहरांतले मिलिंगवाले म्हणाले, पंधरा दिवसांनीं या. ताई म्हणाली, "दिगू, एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं नाही रे. मग गिरणी विकायचीच." आणि डोळ्यांस पदर लाविला.

रावांस वीरश्री चढली. "अगं, माझा लेथ काय शोभेला ठेवलाय?" तों सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, लेथावर गोल काम होतं असं तुम्हीच सांगता ना?" मग रावांणी उलटी चाल रचिली. लेथावर काम फिरतें आणि हत्यार स्थिर राहतें. आज हत्यार फिरवावें आणि काम त्याजवर चालोन न्यावें, ऐसा मनसुबा करून चकांत, म्हणजे लेथाच्या फिरत्या जबड्यांत, कटर धरिला, आणि हत्याराची बैठक उतरवून तेथें लोखंडी काटकोनी गुण्या आवळिला, आणि त्यावर शाफ्ट आडवा बांधिला, खालीं पत्र्याची पट्टी सारून उंची साधिली, आणि खाचेची एक बाजू सोलावयास हँडल फिरविलें. तों कटरानें शाफ्ट खस्सकन आपणाकडे ओढिला, मोठा आवाज जाहला, आणि कटराचे दोन तुकडे पडले. घरांत कटर दोनच, त्यांतला एक रणीं पडला. "लागलं का कुठं?" म्हणोन सुमतीबाई धांवल्या. राव तुकडे वेचूं लागले. तीस वर्षांची ऐट क्षणांत उतरली, खोटें कशास लिहावें?

ते समयीं ताईनें सहज हँडलास हात लाविला, थोडें इकडे, थोडें तिकडे फिरविलें, आणि म्हणाली, "दिगू, हे इतकं फिरवलं तरी वरचं काहीच हलत नाही. बिघडलंय का?" राव दचकले. स्क्रूच्या आट्यांत जुनी ढिलाई होती. टर्नरानें हत्यार एकाच अंगें रेटावयाचें, सबब ती कधीं बाधली नाहीं, आणि हातास तिची ऐसी सवय जडली कीं ती आहे हेंच राव विसरले. शाफ्ट कटराच्या फिरण्यासंगें सरकविला, म्हणोन ढिलाईइतकी मोकळीक मिळतांच कटरानें तो ओढोन घेतला. "ताई, खरी मिस्त्री तूच!" ऐसें गर्जोन रावांणी बैठक जीवर सरकते त्या स्लाइडच्या पट्ट्या आवळिल्या, दुसरा कटर चढविला, आणि शाफ्ट आतां दुसऱ्या टोंकाकडोन, कटराच्या दातांस सामोरा नेला. कटर ओढीना, उलट मागें ढकली, आणि ढिलाई एका अंगास दबोन गप्प बसली. मग केस केस कापीत एक बाजू सरळ केली, आणि दुसरीस दिशा बदलोन तीही केली, आणि नवी, किंचित रुंद चावी हातोडीच्या तीन टोल्यांत ऐसी बसली कीं हलवून हलेना. सुमतीबाईंणी न मागतां चहा पाठविला, हा त्या मुलुखांत मोठाच बहुमान.

तिसरे प्रहरीं शाफ्ट चढला, पट्टा ताणला, ताईनें बटण दाबिलें, आणि पुली शाफ्टासुद्धां फिरली, आणि गिरणी गरजूं लागली. नाक्यावर गेलेले दोन डबे ते दिवशींच माघारे आले. एवंच, लढाई चार घटका, पडला कटर एक, काबीज केली खाच दोन बोटें. ताई पिठानें पांढरी होऊन भर गिऱ्हाइकांत रडली आणि हसली, आणि गिरणी विकणें रहित जाहलें.