सासऱ्यांचा खडा आणि माझा पंप

पंप मी स्वतः निवडीन, असं मी एका रविवारी तोंडात गांठियाचा घास असताना बोलून गेलो. तोंड रिकामं असतं तर कदाचित आधी विचार केला असता.

झालं असं, की आमचं पाणी शुद्ध करायचं मशीन दमलं होतं. भावनगरात आमच्या भागातलं बोअरचं पाणी म्हणजे थोडा पातळ केलेला समुद्रच. (मी मिठाच्या कंपनीत कारकून आहे. दिवसभर मीठ विकायचं आणि घरी येऊन तेच प्यायचं, म्हणजे नोकरी चोवीस तासांचीच.) मशीनशिवाय आमच्या घरात चहासुद्धा धड होत नाही, दूध फाटतं. आणि ते मशीन आता रुग्णाला सलाइन लावावं तसं थेंब थेंब पाणी देत होतं. मेकॅनिक बघून गेला. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, आतला पंप म्हातारा झालाय, नवा बसवा, असं सांगून गेला.

एरवी आम्ही थेंबांवरही दिवस काढले असते. पण महुव्याहून सासऱ्यांचा फोन आला. त्यांच्या मूत्रपिंडात खडा निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते की भरपूर शुद्ध पाणी प्या, कदाचित आपोआप पडेल, नाहीतर ऑपरेशन. उपचारासाठी ते आमच्याकडे राहायला येणार होते.

आमचे सासरे धीरजलाल ओझा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना डॉक्टर जावई हवा होता, मिळालो मी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. चांगलाही बोलले नाहीत. 'मनहरकुमार' म्हणून हाक मारायचे आणि पुढे काही बोलायचेच नाहीत, हजेरी घेतल्यासारखं. तेव्हा यांचा खडा माझ्या पाण्याने पडला पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. माणूस सासऱ्यांसाठी डोंगर फोडू शकत नसेल, पण खडा तर पाडू शकतो.

"त्या मेकॅनिकलाच आणायला सांगा ना," दक्षा म्हणाली. दक्षा म्हणजे माझी बायको.

मी म्हणालो, तो कमिशन खातो. पंप मी निवडीन. यावर ती काही बोलली नाही, चहा गाळत राहिली. ती बोलत नाही तेव्हाच घाबरायला हवं, हे मला अजून कळत नाही.

बिपिनभाईंच्या पंपांच्या दुकानात गेलो तर त्यांनी माझीच तोंडी परीक्षा घेतली. किती जीपीडीचा हवा? मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, दिवसाला किती गॅलन. मी म्हणालो, गॅलन नको, आम्ही तांब्याने पितो. मग त्यांनी विचारलं, घरी प्रेशर किती येतं, मेंब्रेन कुठला आहे, चोवीस व्होल्ट की छत्तीस. मी मशीनचा रंग सांगितला. शेवटी चोवीसपेक्षा छत्तीस मोठा, एवढं गणित मला येत होतं, म्हणून छत्तीसचा घेतला.

घरी येऊन जोडला तर तो नुसता गुणगुणला. जेवणानंतर ताणून दिलेल्या माणसासारखा. आमच्या मशीनची वीज चोवीसची आणि पंप छत्तीसचा, हे परत दुकानात गेल्यावर कळलं. बिपिनभाईंनी पंप परत घेतला, पण बोर्डावर लिहिलेल्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'कडे असे बघत राहिले, की मला तो माझाच फोटो वाटला.

आता मात्र चूक होऊ द्यायची नव्हती. संध्याकाळच्या बसने सासरे येणार होते. मी म्हणालो, तुमच्याकडे सगळ्यात जोरदार असेल तो द्या, वीज त्याची त्याच्याबरोबर द्या.

"तो हॉटेलात लावतात," बिपिनभाई म्हणाले. "तुमच्या घरी हॉटेल आहे का?"

"सासरे आहेत."

त्यांनी बांधून दिला. माणूस उद्या पाठवतो म्हणाले. मला उद्यापर्यंत दम कुठला? दक्षाचा भाऊ तुषार वडोद्याला वीज मंडळात आहे, त्याला व्हिडिओ कॉल लावला. (तो तिथे वसुली विभागात आहे, हे मला ऐनवेळी आठवलं नाही.) फोन बरणीला टेकवून ठेवला. त्याला अर्धा वेळ आमचं छत दिसत होतं आणि उरलेला अर्धा वेळ माझं टक्कल. तरी तो ठामपणे सांगत होता, हां, तीच नळी, घाला आत.

सासरे आले, पाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसले. मी आतूनच "या बापुजी" म्हणालो आणि बटण दाबलं. सगळं स्वयंपाकघर थरथरायला लागलं. फडताळातल्या वाट्या वाजायला लागल्या. पाणी मात्र येईना, कारण नळ्या उलट्या जोडल्या होत्या. आत येणारी बाहेर, बाहेर जाणारी आत. त्या सुलट केल्या, पुन्हा बटण दाबलं. त्याच वेळी सासरे पांढऱ्याशुभ्र धोतरात दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मनहरकुमार, पिठाची गिरणी घातलीत का?"

मी उत्तर देणार एवढ्यात नळी निसटली. साप उभा राहावा तशी ती उभी राहिली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि मग सरळ हेडमास्तरांवर फवारा सोडला. मी बोट लावायला गेलो तर फवारा फिरून भिंतीवरच्या बोर्डावर गेला. फट्‌ झालं आणि दिवे गेले. बरणीवरून तुषारचा आवाज येत होता, आता बघा कसं येतं पाणी.

दक्षाने अंधारातच जाऊन मुख्य नळ बंद केला. मग दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे झालाबापू बॅटरी घेऊन उभे होते. बापू एरवीही हळू बोलतात. रागावले की आणखी हळू.

"जय माताजी, मनहरभाई," ते म्हणाले. "आमच्या दिवाणखान्यात पाऊस लागलाय. तो वरून आलाय की तुमच्याकडून, एवढंच विचारायला आलो."

मग त्यांचा उजेड ओल्याचिंब सासऱ्यांवर पडला. बापूंनी लगेच हात जोडले, मास्तरसाहेबांना खाली नेलं, कोरडं धोतर दिलं, वर चहाही पाजला. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो की दोष पंपाचा नाही, नळीचा होता. दक्षा म्हणाली, बरोबर, मी बघते, तुम्ही ऑफिसला जा. आणि खरोखर, संध्याकाळी आलो तर मशीनची टाकी काठोकाठ भरलेली. दुसऱ्या दिवशीही भरलेली. मी विचारलं, आवाज कसा येत नाही? ती म्हणाली, तुम्ही ऑफिसला गेलात की चालवते, बापुजींच्या झोपेच्या वेळा सांभाळून.

मला मग राहवेना. रोज संध्याकाळी सासऱ्यांना स्वतःच्या हाताने पेला भरून द्यायला लागलो आणि प्यायले की समोर उभा राहायला लागलो. एके दिवशी ते म्हणाले, "पाणी गोड आहे हं, मनहरकुमार." त्या दिवशी मी जेवताना दोनदा श्रीखंड मागितलं. भेटायला येणाऱ्यांनाही ते सांगायचे, जमाईंनी खास पंप बसवलाय. ऑफिसात मी पंप कसा निवडावा यावर बोलायला लागलो. लोक सल्ला विचारायला लागले. व्होल्ट हा शब्द मी आता बेधडक वापरत होतो.

आणि खडा पडला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, ऑपरेशन नको. दक्षा दवाखान्यातच पदराला डोळे पुसत बसली. मीही पदराचं दुसरं टोक घेतलं. खरं सांगतो, तेव्हा मला पंप आठवलाही नव्हता. तो रिक्षात बसल्यावर आठवला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सासरे म्हणाले, महुव्याच्या घरीही असा एक पंप हवा. मी उठलोच. म्हणालो, हाच काढून देतो बापुजी, मी दुसरा घेईन. दक्षा "अहो, राहू द्या" म्हणाली, पण मी पेचकस घेऊन स्वयंपाकघरात पोचलोसुद्धा. मशीनचं झाकण उघडलं. आत पंपाची वायर कुठेच जोडलेली नव्हती. तिची छान गुंडाळी करून रबर लावून ठेवलेली होती.

दक्षा मागे येऊन उभी राहिली होती.

"तुमच्या पंपाने त्याच दिवशी आतला मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळायचा पडदाच, फाडला," ती हळूच म्हणाली. "मी रोज बापूंच्या मशीनमधून घागर भरून आणायची आणि वरून टाकीत ओतायची."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा निवडायला गेला असतात."

मी पेचकस हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बाहेर सासरे ऐकत असणार, म्हणून कुजबुजत विचारलं, बापुजींना कळलंय का?

"पहिल्याच दिवशी," बाहेरून आवाज आला. हेडमास्तरांचे कान सत्तरीतही शाबूत आहेत. "मी खाली बापूंकडे बसलो होतो, तेव्हाच ही घागर घेऊन आली. पण तुम्ही पेला देऊन समोर उभे राहायचात ना, मनहरकुमार, म्हणून म्हटलं, गोड आहे."

मी पेचकस खाली ठेवला. बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. तो हात तिथे असेपर्यंत जरा बरं वाटलं. मग मी विचारलं की बापूंचं मशीन इतकं झकास कसं चालतं, त्यांनी पंप कुठला घेतलाय?

बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं.

"बापूंच्या सुनेबरोबर मीच गेले होते तो निवडायला," दक्षा म्हणाली. "मागच्या दिवाळीत."

"आम्हीही उद्या सकाळी जाऊ बिपिनभाईंकडे, दक्षा आणि मी," सासरे म्हणाले. "बसच्या आधी महुव्याचा पंप घेऊन टाकू. तुम्हीही चला, मनहरकुमार. बाहेर रिक्षा थांबवून ठेवायला कोणीतरी हवंच."