द्राक्षांवरचं पांढरं

नववीत गेल्या गेल्या तृप्तीनं ठरवून टाकलं होतं की, यापुढे आपल्या डोळ्यांदेखत कुणाच्याही पोटात भेसळ जाणार नाही! शाळेनं तिला ग्राहक मंचाची सचिव केलं होतं, हातात भेसळ ओळखायची बारा पानी पुस्तिका दिली होती. आता जग वाचवायला वेळ तो कितीसा लागणार?

नाव तृप्ती, पण तिच्यामुळे जूनपासून घरात कुणी पोटभर जेवलं नव्हतं. चहाची पूड ओल्या टिपकागदावर, धणेपूड पाण्यात, मिरी पेल्यात. तरंगली मिरी की झालीच ओरड, "पपईच्या बिया! पपईच्या बिया!"

"पोरी, चहाचा रिझल्ट लागला का गं?" पप्पा रोज सकाळी रिकामा कप घेऊन दारात उभे.

"दहा मिनिटं, पप्पा! रंग सुटतोय का बघते."

"कागद तेवढा रोज चहा पितो आमच्या घरात," पप्पा म्हणायचे आणि तसेच ऑफिसला जायचे. काळू दूधवाला तर तृप्ती फाटकात दिसली की पिशवी कट्ट्यावर टेकवून सायकलला टांग मारायचा. लढाईवरून पळाल्यासारखा!

अशा विजयी मूडमध्ये फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती नाशिकच्या द्वारका चौकातून बस पकडून पिंपळगाव बसवंतला नाथामामाकडे गेली. सोबत अर्थात पुस्तिका!

मामाच्या घरी सकाळपासून लगीनघाई. ओसरीत टेबल, टेबलावर मामीची ठेवणीतली चादर, आणि चादरीवर द्राक्षांच्या दोन उघड्या पेट्या. एकेक घड असा की बघतच राहावं!

"तृपे, या दोन पेट्यांना बोट लावायचं नाय बरं का!" मामानं दम दिला. "आज निर्यातवाल्या कंपनीच्या मॅडम येणार हायेत. तीन वर्षं झटतोय मी यासाठी. पसंत पडली तर आपली द्राक्षं बोटीत बसतील. नायतर सगळी बाग हाय मग बेदाण्याच्या शेडवर!"

"काळजीच करू नका मामा. मी लक्ष ठेवते!"

मामा निर्धास्त होऊन मॅडमना आणायला हायवेच्या फाट्यावर गेला. मामी आत पुरणपोळ्या लाटत होती. मामाची मुलगी ज्योत्स्ना आरशासमोर वेणीशी झटत होती. ओसरीत राहिली एकटी तृप्ती आणि दोन पेट्या.

तिनं लक्ष ठेवायला सुरुवात केली. आणि पहिल्याच मिनिटाला तिला गुन्हा सापडला. मण्यामण्यावर पांढरं! धुरकट, भुकटीसारखं, पातळ थर बसलेलं पांढरं!

"फवारणीचं औषध!" तृप्ती कुजबुजली.

बिचारा मामा! त्या मॅडमनी हे पाहिलं तर? बोट राहिली दूर, मामालाच धरून नेतील! पुस्तिकेचं सातवं पान सांगत होतं: फळे मिठाच्या पाण्यात धुवावीत. मग काय! बादली आली, मीठ आलं, मामाचा नवाकोरा नॅपकिन आला. अठरा घड तिनं बुडवले, हलवले, आणि मणी न् मणी असा पुसला की मामी देव्हाऱ्यातली भांडीसुद्धा इतकी पुसत नसेल. तासाभरानं द्राक्षं काचेच्या गोट्यांसारखी लखलखत होती.

तेवढ्यात अर्धी वेणी हातात धरून ज्योत्स्ना बाहेर आली. तिनं पेट्या पाहिल्या आणि वेणी सुटली.

"तृपे! मेण कुठे गेलं?"

"कसलं मेण?"

"अगं भवाने, द्राक्षाचं मेण! ते पांढरं! ते द्राक्षाला आपोआपच येतं. मण्याला बोट लागू नये म्हणून बाबा देठाला धरून घड तोडतात, तान्ह्या बाळासारखा पेटीत ठेवतात. मॅडम आधी तेच बघतात!"

तृप्तीनं बादली पायानं टेबलाखाली ढकलली. "मग... मग दुसरे घड तोडू या ना!"

फाटकात जीपचा हॉर्न वाजला.

मग दोघींची नजर एकदमच खिडकीकडे गेली. तिथे मामीचा पावडरचा डबा होता. चंदनाच्या वासाचा. वर गुबगुबीत पफ!

"नको," ज्योत्स्ना म्हणाली.

"थोडीशीच!" तृप्ती म्हणाली.

लखलखत्या मण्यांवर पावडर काय सुरेख बसली! फट फट फट! मामा अंगणात पोचेपर्यंत अठराही घड लग्नातल्या करवल्यांसारखे नटून तयार होते.

आहेर मॅडम उंच, गंभीर, हातात जाडजूड वही. पेटीवर वाकल्या. "वा! मेण काय छान टिकलंय."

मामाची छाती फुगली. "हात लावू देत नाय मी कुणाला!"

मॅडम आणखी वाकल्या. आणि शिंकल्या. परत शिंकल्या. "नाथाभाऊ, चंदनाचा वास येतोय का हो?"

मामानंही हुंगलं. क्षणभर गोंधळला, पण माघार घेईल तो मामा कसला! "मातीचा गुण हाय मॅडम! आमची जमीनच तशी!"

आतून मामी ओरडली, "ज्योत्स्ने, माझा पावडरचा डबा कुठंय गं?"

ज्योत्स्ना खांबाआड गेली. आणि इकडे मॅडमनी एक टपोरा मणी तोडला, तोंडाजवळ नेला...

बोटी, बेदाणे, तीन वर्षं, सगळं एका बाजूला आणि तो पावडर लावलेला मणी एका बाजूला. ग्राहक मंचाच्या सचिवाला राहवलं नाही.

"खाऊ नका! विष... विष नाही, पावडर आहे! मीच लावली! मामाची काही चूक नाही!"

'विष' ऐकून मामा मटकन खुर्चीत बसला. पुढचं सगळं तृप्तीनं एका दमात सांगितलं. बादली, मीठ, नॅपकिन, पफ. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

मॅडमनी मणी हळूच टेबलावर ठेवला. त्यांचे ओठ थरथरत होते. रागानं असेल, असं तृप्तीला वाटलं. पण त्या अशा काही हसल्या की वही खाली पडली!

"अगं, टेबलावरची द्राक्षं मी कधीच तपासत नाही! टेबलावर काय, सगळ्यांचाच माल उत्तम असतो. नमुने मी स्वतः वेलीवरून घेते. चला नाथाभाऊ, बागेत!"

मामा तीरासारखा उठला.

आठवड्यानं मामाचा फोन आला. त्याच्या ओरडण्यानं रिसीव्हर फुटायचाच बाकी होता. "तृपे! माल पास झाला! सगळा!"

"खरंच? मामा, रिपोर्टमध्ये काय काय लिहिलंय?"

"औषधाचा अंश ठीक, साखर ठीक, मेण उत्तम." मामा खाकरला. "खाली मॅडमनी हातानं एक ओळ लिहिलीय. 'तोडणीच्या दिवशी भाचीला नाशिकलाच ठेवावे.'"

त्या संध्याकाळी तृप्तीनं पप्पांना गरम चहा नेऊन दिला. टिपकागद नाही, काही नाही! पप्पांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"आधी तू एक घोट घे," ते म्हणाले.