सबनीसकाकांचे उसवलेले शब्द

दुबईतल्या आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली की लोक वॉचमनच्या नावाने ओरडतात. सबनीसकाका शब्द उसवायला घेतात. मागे आम्ही दोघं अडकलो, मला दरदरून घाम, आणि हे विचारतात, "नॉर्वेत वटवाघळाला काय म्हणतात, ठाऊक आहे? फ्लागरमूस! फडफडता उंदीर. उसवलं, खलास!"

काका देऱ्यात एका शिपिंग ऑफिसात कागदपत्रं बघतात. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा नॉर्वेतल्या मृण्मयीला, त्यांच्या लेकीला, दिवस भरत आले होते. तिला येता आलं नाही. मग दर वर्षी "पुढच्या सुट्टीत, इन्शाल्ला". जावई तिकडचाच, त्यामुळे नात ईरा फक्त नॉर्वेजियन बोलते. व्हिडिओ कॉलवर 'हाय' म्हणते आणि धूम ठोकते.

म्हणून काकांनी नॉर्वेजियन शब्दांची वही सुरू केली. व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे धूळ-शोष्या, हॉस्पिटल म्हणजे आजारी-घर.

"आणि नात?" मी विचारलं.

"बार्नेबार्न. बार्न म्हणजे मूल. मुलाचं मूल. मधला 'ए' हा नुसता टाका. आणि बार्न आलं वाहण्यावरून, आपल्या 'भार'चा लांबचा चुलतभाऊच! वाहिलं ते बार्न." एवढं बोलून त्यांनी वही मिटली. या नातीला त्यांनी एकदाही उचललं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात मायलेकी आल्या. एअरपोर्टला जाताना मी सहज विचारलं, "काका, तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलणार?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "वाक्य? अरे, वाक्य कुठं शिकलोय मी!"

ईरा आईच्या पायांमागे लपली. काका गुडघ्यांवर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "स्तोवसूगर."

म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. पोरगी बघतच राहिली.

"सीकेहूस." हॉस्पिटल. मी मान फिरवली.

"फ्लागरमूस," काका रडवेल्या आवाजात म्हणाले.

ईरा खुदकन हसली. पुढे आली, ठसक्यात त्यांचा उच्चार सुधारला आणि दोन्ही हात वर केले.

"बाबा, तुमची कंबर! ट्रॉलीवर बसवा तिला," मृण्मयी म्हणाली.

"राहू दे गं. चार वर्षांचं पेंडिंग आहे."

गाडी कुठल्या मजल्यावर लावली होती ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्यांना आधी भलत्याच मजल्यावर नेलं. मागून ईराला कडेवर घेतलेल्या काकांचा आवाज आला, "सावकाश शोध रे. यल्ला-बिल्ला काही नको."