नकाशेकाकांचा भोपळा

"भोपळा असा वाढवीन, की बेल वाजवल्यावाचून कुणाची सुटका नाही!" वाफ्यापाशी उभं राहून नकाशेकाकांनी जाहीर केलं. ऐकायला एक कावळा होता. हल्ली काकांचं ऐकणारं दुसरं होतंच कोण?

ही वसाहत काकांनीच आखलेली. मधोमध भाजीची बाग, घरटी एक वाफा, आणि एक नियम: जास्तीची भाजी शेजाऱ्याच्या दारात ठेवायची, बेल वाजवायची नाही. घेणाऱ्याला संकोच नको! काकू होत्या तोवर यात काही वावगं वाटलं नाही. त्या गेल्या, आणि काका दिवसभर बेलकडे कान लावून बसू लागले. दारात वांगी यायची, मुळे यायचे, माणूस काही येईना. जिवाला नुसती हुरहुर!

म्हणून हा भोपळा, एकट्याला उचलता येऊच नये असा. कंबर धरत काकांनी तो फळीवरून लोटत लोटत बागेतल्या ढकलगाडीवर चढवला, समोरच्या शिक्षिकाबाईंच्या दारात नेऊन सोडला आणि घरी येऊन इस्त्रीचा सदरा घातला. चहाचं आधण ठेवलं. आता बाई येणार, मदतीला बोलावणार!

आधण आटलं. बेल गप्प.

तिकडे बाई दारात थबकल्या. "अगं बाई! एवढा मी एकटी कधी संपवू?" गाडी गेली पुढच्या दारात. तिथल्या शिंप्याने ती नर्सच्या दारात लोटली, नर्सने आणखी पुढे. चाकं होतीच, ढकलायला कुणाचं काय जातंय! अख्ख्या वसाहतीची फेरी मारून भोपळा संध्याकाळी काकांच्याच दारात हजर! गाडी घसरू नये म्हणून शेवटच्याने चाकाखाली वीटही लावली. भला माणूस!

काका बाहेर पडायला गेले, तर दार हलेना. फटीतून पाहतात तो भोपळा! खोल्या लहान, म्हणून दारं बाहेर उघडणारी. ही युक्तीही काकांचीच!

"अहो, धावा! भोपळ्याने कोंडलंय मला!"

सगळे धावले. वीट निघाली, दार उघडलं. एवढी माणसं एकदम पाहून काकांना भरून आलं. "इतक्या दिवसांत एकानेही बेल वाजवू नये?" ते बोलून गेले. "नियम माझाच, कबूल, पण..."

"नियम गेला चुलीत!" बाई कडाडल्या. "येता-जाता वाजवते मी! तुम्ही उघडाल तर शपथ! शेवटी म्हटलं, काका माणूसघाणे दिसतात."

काकांनी स्वतःच्या बेलवर बोट दाबलं. चूं नाही. पुन्हा दाबलं. छे! आता स्वतःची बेल कोण वाजवून बघतो?

भोपळा तिथेच कापला, घरोघरी फोडी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी बेल दुरुस्त करून घेतली. आणि दुपारी ती वाजली! चांगली खणखणीत! काका ताडकन उठले, धावले आणि दार धाडकन बाहेर लोटलं.

भोपळ्याची भाजी, भांड्यासकट, बाईंच्या अंगावर!

"अहो, दारं बाहेर उघडायची अक्कल कुणाची?"

"माझीच," काका कपाळाला हात लावून म्हणाले. "पण बाई, आलाच आहात तर आत या ना."