पंपघराने शून्य नंबर मागितला, त्याची चौकशी

ज्या दोघांना एकमेकांशी बोलायचं आहे, त्यांच्यात मोठा कोण हे आधी ठरलं पाहिजे. त्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही. नागपूरच्या एका पाणी कार्यालयाने (नाव लिहीत नाही, कार्यालय हळवं आहे) १९८९च्या मे महिन्यात हे तत्त्व अमलात आणलं.

त्या साली कार्यालयात एक कॉम्प्युटर आला आणि शहराबाहेरच्या पंपघरात दुसरा. मध्ये टेलिफोनची स्वतंत्र तार. कोणत्या भागाला पाणी कधी सोडायचं, हा हुकूम यापुढे फक्त याच तारेवरून जाईल, असं परिपत्रक निघालं. तोंडी सांगून सोडलेलं पाणी बेकायदेशीर ठरलं.

यंत्रांची रीत साधी होती. आधी तार जिवंत आहे का, हे दोघं तपासतात. मग नंबर ठरतो, कारण त्याशिवाय हुकूम कोणाचा आणि कोणाला, हे कळत नाही. एक यंत्र म्हणतं, मी अमुक नंबर घेतो. दुसरं तीनपैकी एक उत्तर देतं: 'मंजूर'; 'नामंजूर, त्याऐवजी हा घ्या'; किंवा 'तुम्ही काय म्हणता तेच मला कळत नाही'. (हे तिसरं उत्तर कार्यालयात पूर्वीपासून प्रचलित होतं.) या सगळ्याला तीन सेकंद लागतात. इतक्या घाईत निर्णय घेण्याची खात्यात प्रथा नव्हती.

कार्यकारी अभियंता आनंदराव यांनी कार्यालयाच्या यंत्राला 'एक' हा नंबर लावला, कारण हुकूम तिथून निघतो. पंपघराचे प्रमुख शालिकराम यांनी पंपघराच्या यंत्रालाही 'एक'च लावला, कारण पाणी तिथून निघतं. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. पहिल्या दिवशी यंत्रांनी एकमेकांना चार हजार एकशे बारा वेळा नामंजूर केलं. (तेही आवाज न चढवता. यंत्रं नवीन होती.)

महाल भागातल्या तीन गल्ल्यांचे नळ कोरडे पडले. चौथ्या दिवशी त्यातल्या एका गल्लीतल्या यमुताई पाणी भरायचा रिकामा गुंड घेऊन थेट पंपघरात आल्या. यंत्र चालवायला कौसल्या बसली होती.

"टाकी भरून दिसून राहिली, मंग पाणी काहून नाही सोडत वं?"

"हुकूम नाही आला, ताई. दोन्ही मशीनीले एकच नंबर पाहिजे."

"माह्या सुनेले बाळंत होऊन आठ दिवस झाले. लेकराचे कपडे धुवाले पाणी नाही. तुह्या मशीनीले तहान लागते का?"

कौसल्याने याचं उत्तर परिपत्रकात शोधलं. सापडलं नाही. ती शालिकरामांकडे गेली.

"साहेब, आपण दोन नंबर घेऊन घेऊ."

"आज दोन घेतला तं उद्या तीन देतील," शालिकराम म्हणाले. (तिसरं यंत्र नव्हतं.)

साहेब जेवायला गेले. कौसल्याने नंबराच्या जागी शून्य लिहिलं. यंत्रांच्या भाषेत याचा अर्थ, मला नंबर नाही, तुम्ही द्याल तो घेते. पलीकडून उत्तर आलं, दोन घ्या. तिने घेतला. तीन सेकंद झाले आणि चार दिवस अडकलेला हुकूम आला. तिने व्हॉल्व्ह उघडायला लावला. यमुताई घरी पोचेपर्यंत गल्लीत भांड्यांच्या रांगा लागल्या होत्या.

पंपघराची किंमत शून्य दाखवल्याबद्दल कौसल्यावर चौकशी बसली. पाणी खरंच आलं होतं का, हे ठरवायला दोनशे बारा घरांना साक्षीला बोलावलं. दोनशे अकरा घरांना त्या दिवशी काम निघालं. एकट्या यमुताई आल्या. पण नळ नवऱ्याच्या नावावर असल्याने त्यांची तहान ग्राह्य धरता आली नाही. कौसल्याला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं, ती निवृत्त होईपर्यंत. दोन्ही साहेबांत समेट होऊन दोन्ही यंत्रांना सन्मानाने 'एक' हाच नंबर मिळाला. हुकूम आता सायकलवरून जातो.

साक्षीला न आलेल्या दोनशे अकरा जणांची यादी आमच्याकडे आहे. ती इथे छापणार होतो. पण पहिलं नाव कोणाचं, यावरून आपणा वाचकांतच भांडण लागेल, म्हणून राहू दिलं.