बुराडेकाकांचं इटालियन घराणं

शेजारच्या क्वार्टरमधल्या बुराडेकाकांना त्यांच्या पणजोबांचं नाव विचारा, ते डोकं खाजवतात. इटलीतल्या मोन्तेसाल्वी या सरदार घराण्याबद्दल विचारा, मग मात्र तुमचा चहा थंड झालाच म्हणून समजा.

"ओत्तावियो लय उधळ्या होता गा. आपल्या सिविक सेंटरएवढा महाल जुगारात घालवला! त्याची सून बियांका मात्र खमकी. किल्ल्याले वेढा पडला त तिनं दुश्मनावर उकळतं तेल ओतलं. अन् इथं तेल महागलं म्हणून लोकं वडे करत नाही!"

काका इथल्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. तिथे मशीन बसवायला इटलीहून आल्दो मोन्तेसाल्वी नावाचा इंजिनिअर आला. संध्याकाळी तो काकांकडे पिठलं-भाकर खायला यायचा आणि खाता खाता पूर्वजांच्या गोष्टी सांगायचा. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. आल्दो परत गेला, गोष्टी काकांकडेच राहिल्या. त्यांतल्या खऱ्या किती, हे मी कधी विचारलं नाही.

तेव्हापासून काका त्या घराण्याचेच झाले. खुर्सीपारच्या एका लग्नात पंगतीत मीठ वाढायचं राहिलं, तर म्हणाले, "मोन्तेसाल्वींकडे असं चालत नाही." कॅम्प-वनच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना ते सुरू करतात, "हमारे यहाँ एक बिशप थे..." भाजीवाला गुपचूप कोथिंबीर फुकट देऊन मोकळा होतो.

यंदा सर्वपित्री अमावस्येला त्यांनी मला जेवायला बोलावलं. काका बिनलग्नाचे, स्वयंपाक त्यांनीच केलेला. गच्चीवर कावळ्यांसाठी दोन पानं वाढली होती. एक बुराडेंच्या पितरांचं. दुसऱ्यावर खीर, वडे आणि पिठलं.

"हे कोणाचं, काका?"

"आल्दोचं. मांगच्या साली गेला. घराण्यातला शेवटचाच होता तो. त्याच्या मांगं पान वाढाले कोणी नाही, म्हणून मी वाढून राहिलो."

"पण ते ख्रिस्ती ना? त्यांच्यात असं नसतं."

"भूक त असन ना?"

मला हसू आलं नाही. काका कठड्याला टेकून 'काव, काव' अशा हाका मारत कावळ्यांची वाट पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "माह्या मांगंही कोणी नाही. माह्यं पान तू वाढशीन काय?"

"वाढीन, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली.

"मंग जोरात आवाज देजो. मले आताशा कमी ऐकू येते."