लाईट गेली की साळवे सर

लाईट गेली की साळवे सर पळतात. असतील तिथून, असतील तसे. न्हाव्याच्या खुर्चीतून एका गालाला फेस घेऊन पळालेत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने जिलबी वाढायला हात खाली केला आणि हे चपला शोधत मंडपाबाहेर. एका शोकसभेत तर "अण्णा म्हणजे" एवढं बोलून झालं आणि लाईट गेली. अण्णा म्हणजे काय, हे आमच्या पाटोद्याला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे लाईट दिवसातून कितीदा जाते हे सांगून मला गावाची अब्रू घालवायची नाही. पण सर या वयात इतके सडपातळ कसे, याचं उत्तर त्यात आहे. लोकांनी कारणंही शोधून ठेवली होती. कुणी म्हणे, घरात गुप्तधन पुरलंय. कुणी म्हणे, सायन्सचा मास्तर, पण अंधाराला भितो. सरांना विचारलं की ते म्हणायचे, "काम हाय." पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण निम्म्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला.

मीही त्यातलाच. त्यांची आणखी एक खोड मला तेव्हापासून ठाऊक आहे. त्यांच्यापुढे वस्तू 'गेली' म्हणायचं नाही. वर्गात मी एकदा "सर, बल्ब गेला" म्हणालो, तर म्हणाले, "कुठं गेला? तिथंच लटकलाय की. बंद हाय म्हण." फक्त लाईटीला सूट होती. ती गेली म्हटलेलं चालायचं, कारण ती परत येते.

रिटायर झाल्यावर सर हौसेने कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. काकू वारल्यापासून एकटेच असतात. माझा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो. म्हणून आमची रोज गाठ.

त्या दिवशी दुपारी स्टुडिओत लिंबागणेशची वर्षा बसली होती. तिचं लग्न इथंच कार्यालयात झालं, व्हिडिओ माझाच. लग्नात तिचे वडील, तात्या, नव्हते. ते दवाखान्यात होते. आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. तात्यांनी एकच मागितलं, की पोरीचं लग्न दाखवा. मी मिक्सिंगचा शेवटचा भाग उरकत होतो आणि वर्षा कानाला फोन लावून तात्यांची तब्येत विचारत होती.

तेवढ्यात कॉम्प्युटरमध्ये फाट्‌कन आवाज झाला. स्क्रीन काळी पडली, मागून धूर आला. माझ्या तोंडून निघालं, "गेला."

वर्षा ताडकन उठली. "कोण गेलं?"

तिला कसंबसं सांगितलं, तात्या नव्हे, कॉम्प्युटर. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून पुढच्या लग्नाला वापरलेलं होतं. तिचं सगळं लग्न त्या एका डब्यात होतं.

सर आले. आधी खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली वीज उतरवायला. मग वायर काढून डबा उघडला आणि आमटी करपली का बघावं तसा नाक घालून वास घेतला. वर्षा विचारत होती, सर, लग्न आहे ना आत? सरांनी वीज पुरवणारा पॉवर सप्लाय सोडवून त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत टाचणी अडकवली, वीज जोडून बटण दाबलं. त्याचा पंखा फिरायला हवा होता, तो हलला नाही.

"सप्लाय बंद हाय," सर म्हणाले. "बाकीचं वाचलं का न्हाई, ते दुसरा लावल्याबिगर कळायचं न्हाई."

दुसरा आणायचा कुठून? बाजारात जाईल त्या दुकानात चार्जर आणि मोबाईलची कव्हरं. कॉम्प्युटर क्लासला सुट्टीचं कुलूप. बीडला जाऊन यायचं तर संध्याकाळ. दुसऱ्या मशीनला डिस्क जोडावी तर माझं अर्धवट मिक्सिंग तिथं उघडणार नाही. वर्षाचा फोन पुन्हा वाजला. तात्या विचारत होते, कवा येती?

सरांनी टाचणी सोडवून खिशाला खोचली. मग म्हणाले, "माझ्या घरी हाय एक. चल."

लाईटीसाठी पळणारा हा माणूस, आणि त्या दिवशी इतका हळू चालत होता की मला राग आला. तिकडे एक माणूस वाट बघतोय आणि हे रस्त्याने दगड चुकवत चाललेत.

घरात कॉम्प्युटर चालूच होता. इन्व्हर्टरची वायर त्या एका टेबलापर्यंत ओढलेली. घरातला पंखासुद्धा त्यावर नव्हता. स्क्रीनवर पत्त्यांचा डाव होता, एकट्याने खेळायचा, अर्धा लागलेला.

"दवाखान्यात निघाली तवा खेळत होती," सर म्हणाले. "म्हणली, येते, पत्ते हलवू नका. म्या न्हाई हलवले."

सर कुठं पळत होते ते मला कळलं. इन्व्हर्टर म्हातारा झालेला, लाईट गेली की त्याच्यावर नजर ठेवायला लागायची. आम्ही पोटभर हसलो होतो या माणसाला. मी म्हणालो, "सर, याच्यातला राहू द्या. मी बीडला गाडी काढतो."

"तवर त्यो माणूस थांबंल का?"

ते खुर्चीत बसले. माउस धरला, लाल नव्वी उचलली आणि काळ्या दश्शीवर ठेवली. "ही तिला दिसली नव्हती," म्हणाले. "मला रोज दिसायची."

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. खोली एकदम गप्प झाली. मला रडू आलं, ते सांगायला लाज नाही. सरांनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. "डोळे पुसलेला हात लावू नको. कोरडा कर आधी."

स्टुडिओत येऊन सप्लाय बसवला, बटण दाबलं. काही नाही. वर्षाने तोंडाला पदर लावला. मी 'गेला' म्हणणार तोच सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा एकेक वायर चाचपली. चार पिनांची एक बारकी वायर घाईत लावायची राहिली होती. ती दाबली, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली, आणि हळद, रुखवत, सप्तपदी, सगळी नावं ओळीने आली. तासाभरात वर्षा पेन ड्राइव्ह मुठीत धरून भावाच्या गाडीवर बसली.

दिवेलागणीला तिच्या भावाचा फोन आला. तात्यांनी सगळं बघितलं होतं. पाठवणी तर पुन्हा लावायला सांगितली. आणि पंगतीत जिलबी सोडून त्यो म्हातारा कावून पळतोय, असं विचारून लई हसले म्हणे.

मी सरांना ते सांगितलं. तेही हसले. त्यांच्या कॉम्प्युटरला नवा सप्लाय आणायला उद्या बीडला जातो म्हणालो, तर हाताने नको म्हणाले.

आणि लाईट गेली. सवयीने मी त्यांच्या वाटेतून बाजूला झालो. चपलांचा आवाज काही येईना. मी मोबाईलचा उजेड केला, तर सर स्टुलावरच होते.

"सर," मी म्हणालो, "लाईट गेली."

"गेली," सर म्हणाले, आणि बसून राहिले.